फ्लामेंगो यंदा पण सगळं जिंकणार का? आधी त्यांचे पाय बघा

२०२६ चा सीझन सुरू व्हायच्या आधी, जानेवारीत, कोल्हापूरच्या एका पोरानं विचारलंय, "सर, रिओच्या फ्लामेंगोनं २०२५ ला लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन्स लीग, पण मारली आणि ब्राझिलची लीग पण. आता वेस्ट हॅमचा पकेता परत येणार म्हणतायत. मग २०२६ पण यांचंच ना? आणि तुम्ही फिटनेसवाले, तर नवीन कॅलेंडरनं काय फरक पडणार ते पण सांगा."

बरं झालं दुसरा प्रश्न विचारलास, कारण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यातच आहे. पकेता आला तर चांगलंच आहे, पोरगा फ्लामेंगोच्याच अकॅडमीतनं वर आलेला, घरी परत येईल. पण मी वीस-बावीस वर्षं खेळाडूंचे पाय बघून पोट भरलंय, मला नवीन सीझन म्हटलं की आधी कोण आला ते दिसत नाही, आधी तारखा दिसतात. तर दोन तारखा लिहून घे. १७ डिसेंबर २०२५ ला फ्लामेंगो कतारमध्ये पॅरिसच्या पीएसजीशी इंटरकॉन्टिनेंटलची, म्हणजे खंडांच्या विजेत्या क्लबांच्या कपची, फायनल खेळला, १-१, एक्स्ट्रा टाइम, १२० मिनिटं, मग पेनल्टीवर हरला. आणि ब्राझिलची लीग सुरू होतेय २८ जानेवारी २०२६ ला. मध्ये किती दिवस? बेचाळीस. त्यात ब्राझिलच्या कायद्यानं खेळाडूला वर्षाला ३० दिवसांची सुट्टी. उरले बारा. बारा दिवसात प्रीसीझन होतो का? आपल्याकडं गल्लीतली टूर्नामेंट असली तरी पोरं महिनाभर आधी पळायला लागतात रे.

आणि कतार हा नुसता शेवट होता. २९ नोव्हेंबरला लिमात लिबर्टाडोरेस फायनल, पालमेरासला १-० हरवलं, दानिलोचा कॉर्नरवरचा हेडर. तिथनं विमान धरून रिओ, ३ डिसेंबरला माराकानावर सेआराला १-० हरवून लीग घेतली. मग कतारला जाऊन १० ला क्रूझ अझुल, १३ ला पिरॅमिड्स, १७ ला पीएसजी. त्याच्या आधी जून-जुलैत अमेरिकेत क्लब वर्ल्ड कप झालेला, तिथं चेल्सीला ३-१ हरवलं आणि राउंड ऑफ सिक्सटीनमध्ये बायर्नकडनं ४-२ मार खाल्ला. म्हणजे युरोपवाले उन्हाळ्यात निदान दोन-तीन आठवडे समुद्रावर पडतात तेवढं पण यांना मिळालं नाही, कारण ब्राझिलचा सीझन जानेवारी ते डिसेंबर चालतो आणि क्लब वर्ल्ड कप बरोबर त्याच्या पोटात आला. सत्तरच्या वर मॅच एका वर्षात. आपल्या आयएसएलला २०२४-२५ मध्ये एका टीमच्या लीगच्या २४ मॅच होत्या आणि तेवढ्यात आमच्या फिजिओच्या टेबलाला लाइन लागायची.

आता लोकांना वाटतं तीस दिवस सुट्टी म्हणजे आराम झाला, फ्रेश होऊन येणार. नाही होत तसं. दमलेला पाय सुट्टीत बरा होतो पण तयार होत नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आठ-दहा दिवसांत सूज उतरते, झोप लागते, डोकं हलकं होतं. त्याच्या पुढं स्प्रिंट न मारता दिवस गेले की मांडीची मागची शीर, हॅमस्ट्रिंग म्हणतो ती, ढिली पडत जाते. ताकद जिममध्ये परत येते, पण फुल स्पीडला पळताना पाय पुढं फेकल्यावर ब्रेक लावायचं काम ती शीर करते ना, ते काम फुल स्पीडला पळूनच परत येतं, सायकल मारून नाही. म्हणून परत आल्यावर पहिला महिना धोक्याचा. दमलेला असताना नाही, "आता मी फ्रेश आहे" असं वाटत असताना.

माझ्याकडनं झालेली चूक सांगतो. गोव्यात एका क्लबात होतो, नाव नको. एक ब्राझिलियन फॉरवर्ड आला, तिकडचा सीझन संपवून सरळ, मधे तीन आठवडे घरी जाऊन आलेला. हसतमुख माणूस, ट्रेनिंगला सगळ्यांच्या आधी, पहिल्याच दिवशी मॅनेजमेंट खूश. आम्ही तेव्हा एक टेस्ट करायचो, अजून पण करतो, त्याला काही मशीन लागत नाही. डॉक्टरचं बीपी मोजायचं यंत्र असतं ना, त्याचा पट्टा थोडी हवा भरून गुंडाळायचा आणि खेळाडूला पाठीवर झोपवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरायला लावायचा, मग "दाब" म्हणायचं. काटा किती वर जातो ते वहीत लिहायचं. जांघेचे स्नायू थकलेले असले की तोंडानं माणूस कितीपण "टुडो बेम", सगळं ठीक, म्हणू दे, काटा खरं बोलतो. ह्याचा काटा पहिल्या दिवशी २३० ला गेला, चौथ्या दिवशी १९० च्या पण खाली. मी बघितलं, वहीत लिहिलं, आणि शनिवारच्या प्रॅक्टिस मॅचला त्याला खेळू दिलं कारण कोचला बघायचा होता आणि मला नाही म्हणायला जड गेलं. तिसाव्या मिनिटाला एका लांब बॉलच्या मागं पळाला आणि मांडीला हात लावून खाली बसला. आवाज नाही, धक्का नाही, कुणी हात पण लावलेला नाही. सात आठवडे गेले. ती वही अजून आहे माझ्याकडं, ते पान उघडलं की अजून लाज वाटते.

तर बेचाळीस दिवसांचं हे गणित असं. आता ह्याच क्लबच्या इतिहासात बघ, सगळं जिंकल्याच्या पुढच्या वर्षी काय होतं ते.

२०१९ ला जोर्जे जेझुसच्या हाताखाली ९० पॉइंट, लीग आणि लिबर्टाडोरेस दोन्ही, आणि २१ डिसेंबरला लिव्हरपूलशी फायनल, १-० हार, तेव्हा पण एक्स्ट्रा टाइम. म्हणजे आत्तासारखीच परिस्थिती. तेव्हा त्यांनी काय केलं? जानेवारीत रिओची स्टेट चॅम्पियनशिप, म्हणजे कारिओका, तिच्या सुरुवातीच्या मॅचला अंडर-२० ची पोरं उतरवली आणि मेन टीमला नीट प्रीसीझन करू दिला. मग फेब्रुवारीत मोठी माणसं आली ती तयार होऊन, सुपरकोपा (लीगवाला विरुद्ध ब्राझिलचा कपवाला) ३-० नं मारली, रेकोपा (लिबर्टाडोरेसवाला विरुद्ध खंडाच्या दुसऱ्या कपचा, सुदामेरिकानाचा विजेता) मारली, पुढं कारिओका पण. कोविडनं सगळं थांबलं, जुलैत जेझुस बेनफिकाला निघून गेला, मधे कोच बदलले, तरी २०२० ची लीग, जी २०२१ च्या फेब्रुवारीत संपली, ती पण घेतली. शेवटच्या दिवशी साओ पावलोकडनं हरून सुद्धा. मजा आहे.

२०२२ ला परत लिबर्टाडोरेस आणि कोपा दो ब्राझिल, म्हणजे ब्राझिलचा नॉकआउट कप, दोरिव्हाल कोच. ह्यावेळी कतारच्या वर्ल्ड कपमुळं सीझन नोव्हेंबरच्या मध्यातच संपला, विश्रांती भरपूर. आणि क्लबनं दोन ट्रॉफ्या देणाऱ्या माणसालाच जाऊ दिलं आणि व्हितोर परेराला आणलं. सुपरकोपा पालमेरासकडनं ४-३ हार, क्लब वर्ल्ड कपच्या सेमीत अल हिलालकडनं हार, रेकोपा पेनल्टीवर गेली, कारिओकाच्या फायनलमध्ये पहिली मॅच २-० जिंकून दुसरी फ्लुमिनेन्सकडनं ४-१ नं हरले. एप्रिलमध्ये परेरा घरी. म्हणजे पाय ताजे असून पण जानेवारी ते मार्च वाया घालवता येतो, त्याला अक्कल लागते थोडी.

आणि शेजारच्या बोटाफोगोचं तर सगळ्यांनी आत्ताच बघितलं. २०२४ ला लिबर्टाडोरेस, फायनलमध्ये पहिल्याच मिनिटाला ग्रेगोरेला रेड कार्ड, सगळी मॅच दहा जणांत खेळून ३-१ जिंकले, आठवड्यानं लीग, आणि तीनच दिवसांनी दोहात पाचुकाकडनं ३-० हार, पाय संपलेले होते बिचाऱ्यांचे. मग कोच अर्तुर जोर्जे कतारला गेला, लुइज हेन्रिके झेनितला, अल्मादा पण गेला, नवीन कोच यायला फेब्रुवारीचा शेवट उजाडला. तोपर्यंत सुपरकोपा गेली, रेकोपा अर्जेंटिनाच्या रेसिंगकडनं दोन्ही मॅच २-० हरून गेली, कारिओकात बाद फेरी पण नाही. त्याच टीमनं जूनमध्ये पीएसजीला १-० हरवलं बरं का. म्हणजे माणसं खराब नव्हती, फक्त सुरुवातीचे नव्वद दिवस कुणी सांभाळले नव्हते.

ह्या हिशोबानं २०२६ ला फ्लामेंगोची एक बाजू भक्कम आहे, सीझन सुरू होताना कोच तोच आहे. फिलिपे लुईस. २०१९ आणि २०२२ च्या दोन्ही लिबर्टाडोरेस टीममध्ये लेफ्ट बॅक, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून कोच. चाळीस वर्षांचा माणूस, परवा परवापर्यंत ह्याच ड्रेसिंग रूममध्ये बर्फाच्या टबात बसायचा. ह्याला कुणाला कधी बाहेर काढायचं ते कळतं, कारण स्वतःचे पाय कधी संपले ते त्याला आठवतंय. २०२५ ला त्याचं रोटेशन बघून लोकांनी लई शिव्या घातल्या, लिबर्टाडोरेसच्या ग्रुपमध्ये सेंट्रल कोर्दोबाकडनं माराकानावर हरला तेव्हा तर विचारू नको, ग्रुपमध्ये दुसरा आला. पण ऑक्टोबरच्या शेवटी सेमीच्या दुसऱ्या मॅचला रेसिंगच्या मैदानावर काय झालं ते बघ. अवेलानेदा, लोक बोकांडी बसलेले, पहिल्या मॅचचा एकच गोल हातात, आणि दुसऱ्या हाफमध्ये प्लाता रेड कार्ड खाऊन बाहेर. उरलेला वेळ दहा जण ०-० धरून उभे. वर्षाच्या दहाव्या महिन्यात दहा जणांना असं पळता येतं ते मे-जूनमध्ये बाकावर बसवल्यामुळं. तेव्हाच्या शिव्या तिथं वसूल झाल्या.

आता नवीन कॅलेंडर. सगळीकडं छापून आलं की ब्राझिलवाल्यांनी मॅच कमी केल्या, स्टेट चॅम्पियनशिपला १६ च्या जागी ११ तारखा, खेळाडूंना आराम. अर्धं खरं आहे. पाच तारखा वाचल्या हे खरं. पण आधी काय होतं, लीग मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये सुरू व्हायची, २०२५ ला २९ मार्चला झाली. त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीची कारिओका म्हणजे मोठ्या क्लबांसाठी तिकीट लावलेला प्रीसीझनच असायचा, लहान टीमसमोर पोरं उतरवा, मोठ्यांना हळूहळू ३० मिनिटं, ४५ मिनिटं, ७० मिनिटं असं चढवा. हरला तर पेपरात दोन दिवस बोंब, बाकी काही बिघडत नाही. २०२६ ला लीगच २८ जानेवारीला. तिथं पोरं उतरवून तीन पॉइंट गेले तर ते डिसेंबरमध्ये परत मिळत नाहीत. २०२५ ची लीग फ्लामेंगोनं ७९ पॉइंटवर घेतली, पालमेरास ७६. तीन पॉइंट, बरोबर एका मॅचएवढे. म्हणजे २०२० ची युक्ती कारिओकात चालेल, आणि पोरांची टीम उतरवतील हे दिसतंयच, पण लीगच्या पहिल्या तीन-चार राउंडला कामाची नाही. मॅच कमी केल्या पण पाय टेकवायची मऊ जागाच काढून घेतली, असं माझं मत. कॅलेंडर करणाऱ्यांना दोष देत नाही, मधे ११ जून ते १९ जुलै वर्ल्ड कप आहे, त्यासाठी लीग थांबणार, शेवट २ डिसेंबरला करायचाय, तारखा आणणार कुठनं.

वर त्याच दिवसांत सुपरकोपा कोरिंथियन्सशी, रेकोपा अर्जेंटिनाच्या लानुसशी, जाऊन येऊन दोन मॅच. मग लिबर्टाडोरेस, मग कोपा दो ब्राझिल, जी आता १२६ क्लबांची झालीये, मोठे उशिरा येतात तरी. सगळीकडं शेवटपर्यंत गेले तर परत सत्तरच्या पुढं. तिथं नियम आहे की दोन मॅचमध्ये कमीत कमी ६६ तास हवेत. आणि मॅचनंतर स्प्रिंट पूर्ण परत यायला साधारण ७२ तास लागतात असं आमच्या धंद्यातलं कुणीपण सांगेल. त्या ६६ तासांत प्रवास पण आला.

प्रवासाचं आपल्या लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. रिओ ते पोर्तो अलेग्रे म्हणजे मुंबई ते दिल्ली, आणि हा तिकडं मधला प्रवास समजतात. ह्या वर्षी फोर्तालेझा, सेआरा आणि स्पोर्ट खाली गेले, म्हणजे नॉर्थईस्टच्या तीन खेपा वाचल्या, पण बेलेंचा रेमो वर आलाय. रिओ ते बेलें जवळपास अडीच हजार किलोमीटर, मुंबई-गुवाहाटीपेक्षा लांब. अमेझॉनच्या तोंडावरचं शहर, उकाडा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहीत रोजचा पाऊस. २०२५ ची सुपरकोपा तिथंच झालेली, फ्लामेंगो-बोटाफोगो, मॅच सुरू होऊन पंधरा मिनिटं होतायत तोवर असा पाऊस आला की बॉल पाण्यात थांबायला लागला, तासाच्या वर मॅच बंद. लोकांनी मीम केले. मी टीव्हीसमोर बसून एवढाच विचार करत होतो की वॉर्म अप झालेली बावीस माणसं तासभर ड्रेसिंग रूममध्ये गार पडतायत आणि परत आल्या आल्या फुल स्पीड मारणार, आत्ता तिथल्या प्रेपारादोरच्या पोटात काय होत असेल. प्रेपारादोर फिझिको म्हणजे फिटनेस कोच, ब्राझिलमध्ये ह्या माणसाला मान आहे. आपल्याकडं त्याला "तो शिट्टीवाला" म्हणतात.

आणि फ्लामेंगोत तर हा मान जुना आहे. झिकोची जी टीम लोक अजून डोक्यावर घेतात ती बांधली क्लाउदिओ कुतिन्योनं, आणि तो मूळचा फिटनेसवाला. मिलिटरीतला कॅप्टन, १९७० च्या ब्राझिलच्या वर्ल्ड कप टीमच्या फिटनेस स्टाफमध्ये, कूपर टेस्ट (बारा मिनिटांत किती पळतो ते मोजायची) ब्राझिलमध्ये रुजवणारा. १९८० ची लीग त्याच्या हाताखाली. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये रिओच्या समुद्रात डायव्हिंग करताना गेला, आणि पुढच्याच महिन्यात त्याच टीमनं टोकियोत लिव्हरपूलला ३-० हरवलं. पुढं झिको २०१४ ते २०१६ आपल्या एफसी गोवाचा कोच होता, तेव्हा फातोर्ड्याला लोक मॅचपेक्षा डगआउटकडंच बघायचे.

असो. फ्लामेंगोची दुसरी काळजी वय. दानिलो ३४, जोर्जिन्यो ३४, अॅलेक्स सांद्रो आणि ब्रुनो हेन्रिके पस्तिशीला टेकलेले, आणि ज्याच्यावर सगळं चालतं तो अर्रास्काएता जूनमध्ये ३२ चा होतोय. स्ट्रायकर पेद्रोचा २०२४ ला एसीएल, गुडघ्यातला मुख्य लिगामेंट, गेला, त्यानंतर तो आला, गोल केले, पण २०२५ च्या शेवटी परत बाहेर, लिबर्टाडोरेसच्या फायनलला नव्हता. त्यात वर्ल्ड कप. उरुग्वेला अर्रास्काएता, दे ला क्रूझ आणि वारेला लागू शकतात, इक्वेडोरला प्लाता, कोलंबियाला कारास्काल, ब्राझिलला दानिलो, अॅलेक्स सांद्रो, लेओ ओर्तिझ अशी नावं. लीग दीड महिना थांबणार म्हणजे आराम असं वाटतं ना, पालमेरासच्या, क्रूझेरोच्या बऱ्याच पोरांना मिळेल. फ्लामेंगोचे चांगले आठ-नऊ जण त्या दीड महिन्यात आयुष्यातल्या सगळ्यात जोरात खेळून येणार आणि जुलैच्या शेवटी दुसरा सीझन सुरू. खरा प्रश्न तिथं आहे. म्हणून पकेता घ्यायचा तर घ्या, पण मला विचारलं असतं तर मी आधी सेंट्रल मिडफिल्डमध्ये एक बावीस-तेवीस वर्षांचा, नाव नसलेला, दर तिसऱ्या दिवशी पळू शकणारा पोरगा मागितला असता.

प्लास्टिक गवताचं भांडण पण ऐकलं असशील. पालमेरास, बोटाफोगो, अॅथलेतिको, अॅतलेतिको मिनेरो ह्यांची मैदानं सिंथेटिक, आणि फ्लामेंगो ते बंद करा म्हणून मागं लागलाय. समोरचे म्हणतात आधी तुमचं माराकाना बघा, फ्लुमिनेन्सबरोबर वाटून खेळून खेळून काय अवस्था झालीये. दोघांचं पण बरोबर आहे. माझा अनुभव एवढाच की खराब खऱ्या गवतापेक्षा चांगलं प्लास्टिक बरं, पण आठवड्यात गवत, प्लास्टिक, परत गवत असं झालं की पोटऱ्या आणि टाचा बोलायला लागतात. पस्तिशीच्या माणसाच्या आधी.

मग अंदाज? लीगमध्ये पहिल्या तीनात शंभर टक्के, एवढी खोल टीम तिकडं फक्त पालमेरासकडं आहे आणि तिथं आबेल फेरेरा २०२० पासून बसलाय, त्याला कॅलेंडर पाठ आहे. लीग परत घेणं जमण्यासारखं आहे, फ्लामेंगोनं २०१९-२०२० ला आणि पालमेरासनं २०२२-२०२३ ला सलग घेतलीच. लिबर्टाडोरेस सलग पालमेरासनं २०२०-२०२१ ला घेतली. पण लीग आणि लिबर्टाडोरेस दोन्ही, सलग दोन वर्षं? ते पेलेच्या सांतोसनं १९६२-१९६३ ला केलं, तेव्हा आजच्यासारखी ३८ मॅचची लीग नव्हती आणि सत्तर मॅचचं हे झंझट पण नव्हतं. मी एकावर पैसे लावीन, लीगवर नाही, लिबर्टाडोरेसवर, कारण नॉकआउटला एक महिना पाय जपून ठेवता येतात, ३८ राउंडला येत नाहीत.

आणि हो, तुला बघायचंच असेल तर पहिल्या पाच राउंडचा स्कोअर बघू नकोस, सब्स्टिट्यूशनची मिनिटं बघ. अर्रास्काएता ६० व्या मिनिटाला बाहेर येत असेल आणि टीम १-० नं मागं असून पण येत असेल, तर ग्रुपवर फिलिपे लुईसला शिव्या घालायच्या आधी मला एक फोन कर. आणि तो नव्वद मिनिटं खेळतोय, दर मॅचला, फेब्रुवारीत, तर मग मीच तुला करतो.